देवळातला पंखा

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. शांत झाल्यावर लिही, असे मला सुचवणारे होते. त्यांचे ऐकले असते तर हे कधीच लिहून झाले नसते.

मी तळेऱ्याच्या नाक्यावर घडलेली बाई. देवगड-विजयदुर्गाकडे वळणाऱ्या गाड्या जिथे थांबतात, तिथे कोकम, काजूगर आणि मोसमात आंबे घेऊन बसत होते. सुरुवातीला फाटके गोणपाट होते, मग टेबल झाले, मग पत्र्याची टपरी. एकही पायरी कोणी मला हात देऊन चढवली नाही. भाव करताना मी कोणाचे ऐकत नसे आणि कोणी फार ताणले तर माल हातातून काढून घेऊन त्याला हुसकावून लावत असे. नाक्यावर माझ्या तोंडाला लोक घाबरत. तेव्हा त्याचा उपयोग होता.

आंबा तयार आहे की नाही हे गिऱ्हाइकाला पटवायला मी बादलीभर पाणी ठेवायची. तयार हापूस पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. एका उन्हाळ्यात पुण्याकडच्या गाडीतली एक लहान मुलगी त्या बादलीपाशी बसली ती उठेनाच. आंबा टाकायची, काढायची, मग काजूबी टाकली, मग चप्पल टाकली. बाप हॉर्न वाजवत होता. आई मात्र जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या शाळेत आम्ही हेच करतो, फक्त आमच्याकडे बादली काचेची असते. ती मॉन्टेसरीची शिक्षिका होती. मी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मुलांच्या हातात वस्तू द्यायची आणि आपण तोंड बंद ठेवायचे, असे तिने थोडक्यात सांगितले. तोंड बंद ठेवणे मला जमणार नाही असे मी तिला म्हटले. तरी ते डोक्यातून जाईना. पुढे टपरी भाड्याने देऊन मी कोल्हापूरला जाऊन तो कोर्स केला. वर्गात सगळ्यात म्हातारी मीच.

गावात परत आल्यावर जागेचा प्रश्न आला. आमच्या गावातले देऊळ मोठे, आणि देवळाच्या बाजूला धर्मशाळेची एक लांब खोली. तिचा उपयोग फक्त जत्रेच्या वेळी व्हायचा, एरवी तिथे वटवाघळे. मी देवस्थानच्या मुख्य मानकऱ्यांकडे गेले. हे आमच्या गावचे सगळ्यात वडीलधारे गृहस्थ, सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. निवृत्त शिक्षक, आवाज हळू, पण गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मी म्हटले, छप्पर मी शाकारते, जमीन मी करून घेते, नळ मी आणते, जत्रेला खोली रिकामी करून देते, बाकीचे वर्ष माझे.

आबा म्हणाले, "गो, तू देवळाचो पण सौदो करतंस?"

"आबानू, गळक्या खोलीचो करतंय. देवळाचो नाय."

ते हसले. आमच्याकडे अशा गोष्टी माणसे ठरवत नाहीत. देवाला विचारतात. गुरव फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मानकरी गाऱ्हाणे घालतात, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाला आपला प्रश्न मोठ्याने सांगतात. मग सगळे गप्प बसून वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा कौल. लग्न, घर, विहीर, कोर्टकचेरी, सगळे आम्ही विचारतो. मीही विचारत आले आहे. माझ्या वर्गाला उजवा कौल मिळाला तेव्हा मी नमस्कार करताना रडले होते, हे मी कोणाला सांगितलेले नाही. म्हणून मला नास्तिक म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावे.

वर्ग उभा राहिला. कोल्हापूरच्या कोर्सच्या बाईंनी दिलेल्या यादीतली महागडी लाकडी साधने मी आणली नाहीत. बंद पडलेल्या स्पीकरमधून लोहचुंबक काढून घेतला आणि त्याला कागद गुंडाळून मुलांना किनाऱ्यावरच्या रेतीत फिरवायला दिला. काळे कण उठून कागदाला केसासारखे चिकटत आणि मुले श्वास धरून बघत. कोकमाच्या आगळाचे थेंब एका वाटीत, खायचा सोडा दुसऱ्या वाटीत, ड्रॉपर हातात. लाल रंग काळपट झाला की चार वर्षांचे पोर मागे सरकायचे आणि मग पुढे यायचे. प्रत्येक कामाचा वेगळा ट्रे, प्रत्येकाची वेगळी चटई, सांडले तर पुसायला स्पंज. मी शिकवायचे नाही. मी फक्त एकदा करून दाखवायचे, सावकाश, न बोलता, आणि बाजूला व्हायचे. माझ्यासारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. पण ती मी आनंदाने भोगत होते. नाक्यावर सगळा दिवस बोलून जे समाधान मिळाले नव्हते ते इथे गप्प बसून मिळत होते.

आबांची नात माझ्याकडे होती. पाच वर्षांची, बारीक, हट्टी, एकच काम दहा वेळा करणारी. तिच्याकडे बघून मला नाक्यावरची ती बादलीपाशी बसलेली मुलगी आठवायची.

मार्चमध्ये मी एक नवा ट्रे मांडला. ओले काय कशाला चिकटते, हे बघायचा. काचेचा तुकडा, कौलाचा तुकडा, फळी आणि जांभ्याहून गुळगुळीत असा एक काळा दगड. ड्रॉपर. आणि चिकटवायला कागदाचे कपटे, पाने, तगरीच्या पाकळ्या. पाकळ्या ठेवताना माझ्या मनात काही नव्हते. अंगणात तगर होती, म्हणून ठेवल्या.

नातीने पहिल्याच दिवशी दगड उभा केला, दोन पाकळ्या ओल्या करून दोन बाजूंना लावल्या, हात जोडले आणि म्हणाली, "बा देवा म्हाराजा, आज मधली सुट्टी लवकर होवची काय?"

सगळा वर्ग तिच्याभोवती. मागून एक जण म्हणाला, "व्हय म्हाराजा." मला हसू आवरेना. त्यांना उठवायला हवे होते असे आता गाव म्हणते. मी उठवले नाही, आणि आज तसेच झाले तरी उठवणार नाही. मूल जे घरात बघते तेच हातात घेते.

डावी पडली. सुट्टी लवकर नाही. तिने पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावी. तेव्हा ती खेळ विसरली. तिने दगडाकडे बघितले, मग खिडकीकडे बघितले. खिडकी डाव्या हाताला होती आणि खाडीवरचा वारा आत येत होता. तिने दगड गोल फिरवला. आता उजवी बाजू खिडकीकडे आली, आणि उजवी पडली.

"बाई, देवान नाय पाडल्यान. वाऱ्यान पाडल्यान."

"बघ परत करून," मी म्हटले. आम्हाला एवढेच म्हणायची परवानगी असते.

पुढचे कितीतरी दिवस ती त्याच ट्रेवर होती. दगड कोपऱ्यात नेला की पाकळ्या पडायला उशीर लागतो. थेंब मोठा असला तर पाकळी आपल्याच वजनाने घसरते. थेंब अगदी लहान असला तर लगेच सुकते आणि गळते. मोठी पाकळी जास्त वेळ धरते. हे तिला कोणी सांगितले नाही. मी शपथेवर सांगते, मी एक अक्षर बोलले नाही. मोठमोठ्या शाळांत प्रयोगशाळेच्या भिंतीवर तक्ते लावतात, तिथल्या एका तरी मुलाने असे काही स्वतःहून शोधले असेल तर मला दाखवावे.

तिने ते घरी जेवताना सांगितले. आजोबांना.

आबा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, बोलले नाहीत. आठवड्याभराने देवस्थानची बैठक झाल्याचे कानावर आले. मग निरोप आला, खोली देवस्थानला हवी आहे, भाविकांच्या मुक्कामाला. मी तशीच उठले आणि देवळात गेले. आबा सभामंडपात बसले होते, सोबत बाकीचे मानकरी.

"भाविक गेली कितीतरी वर्षां मुक्कामाक येयत नाय ते आताच खंयसून येवक लागले?" मी विचारले.

एक मानकरी म्हणाले, "बाई, तुमी पोरांका देवाची थट्टा शिकवतास."

"थट्टा कोणी शिकवल्यान? पोरां करतत ता मी बघतंय."

"बघत रवलास, तीच चूक."

आबा काठीच्या टोकाने फरशीवरची रेघ गिरवत होते. मला आबांचा तो गप्पपणा सहन होईना. सौदा अडला की समोरच्याला असे काही द्यायचे की त्याला नाही म्हणता येऊ नये, हे मी नाक्यावर शिकले. मी म्हटले, "आबानू, खोली तुमची नाय आणि माझी पण नाय. देवाची आसा. देवाक विचारा. सगळ्या गावासमोर विचारा. डावो पडलो तर मी सामान घेवन जातंय."

याला ते नाही म्हणू शकत नव्हते. मला वाटले, मी जिंकले. पालक माझ्या बाजूने होते, निदान तोपर्यंत होते. मुले आनंदात होती. आणि पहिल्या वेळी उजवा देणारा देव आता कशाला उलटेल?

मे महिन्यातला एक सोमवार. देऊळ भरलेले. उकाडा इतका की बायका पदराने वारा घेत होत्या. मी अगदी पुढे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. गुरवाने पाकळ्या भिजवल्या आणि लावल्या. आबा गाऱ्हाण्याला उभे राहिले.

तेव्हा मला पंखा दिसला.

तो तिथे काही वर्षांपासून होता. कोणा भाविकाने दिलेला. गाभाऱ्यात गुरवाचा जीव घुसमटतो म्हणून डाव्या भिंतीला लावलेला. मी त्याच्या खालून किती वेळा प्रदक्षिणेला गेले असेन. पण आज, नातीच्या दगडासमोर इतके दिवस बसल्यावर, मला तो पहिल्यांदा दिसला. त्याचे तोंड देवाच्या डाव्या अंगाला होते. वारा थेट त्या पाकळीवर. माझ्या वर्गाच्या पहिल्या कौलाला वीज गेलेली होती, पंखा बंद होता, हेही तेव्हाच आठवले.

माझी मुले, माझ्या चटया, मी हाताने घोटून गुळगुळीत केलेली ती जमीन, सगळे त्या पाकळीला लटकलेले होते आणि तिच्यावर पंखा सोडलेला.

मी सोनाराकडे गेले तर आधी पंखा बंद करायला लावते. वाऱ्याने पारडे हलते. मासळीच्या बाजारात तराजू आडोशाला आणायला लावते. ही माझी सवय, हाच माझा धंदा. त्यात कोणाचा अपमान नसतो. वजन खरे व्हावे एवढेच असते.

मी म्हटले, "आबानू, थांबा. पयलो पंखो बंद करा."



आबांनी मान वळवली. "कित्याक?"

"वारो एकाच अंगाक लागता."

मागून कोणीतरी म्हणाले, "घ्या. देव आता तराजू झालो." दोन-तीन जण हसले. एका म्हातारीने त्यांना गप्प केले, पण मलाही म्हणाली, "बाय, देवाक वारो लागता काय गो?"

माझे डोके गरम झाले. मी उभी राहिले. "देवाक लागत नसात. पाकळेक लागता. तुमका वारो होयो आसात तर भायर बसा. हय माझ्या पोरांचा ठरताहा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. काय होते ते मला तेव्हा कळले नाही, आणि कळून घ्यायला मी थांबलेही नाही. मग ते गुरवाला म्हणाले, "बंद कर रे."

पंखा थांबला. गाऱ्हाणे झाले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या खोलयेत जी लेकरां शिकतत..." आबांचा आवाज नेहमीसारखा होता. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटले. मग वाट बघणे सुरू झाले. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. कोणी रुमाल हलवला तर आबा हात खाली करायला सांगत होते. बराच वेळ गेला. एकही पाकळी हलेना. मी देवाशी सौदा करत होते. काय काय देऊ केले ते इथे लिहीत नाही.

उजवी पडली.

मी खाली वाकून उंबऱ्याला डोके टेकले. उठले तेव्हा कोणी माझ्याकडे बघत नव्हते. प्रसाद वाटला गेला. माझ्या हातावरही गुरवाने फूल ठेवले, पण माझ्या तळव्याला त्याचा हात लागला नाही. आबा काठी घेऊन आधीच बाहेर पडले होते. मला वाटले, हरले म्हणून रुसले. जिंकल्यावर माणसाला समोरचा नेहमी रुसल्यासारखाच दिसतो.

जून उजाडला. मी चटया धुऊन वाळवल्या, ट्रे पुसले. पहिल्या दिवशी खोली उघडली आणि दारात उभी राहिले. कोणी आले नाही. पाऊस आहे म्हणून असेल, असे मी स्वतःला सांगितले. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी देवळासमोरून गेली आणि तिच्या खिडक्यांत मला माझी मुले दिसली. टाय लावलेली. एकाने हात हलवला. दुसऱ्याने त्याचा हात खाली ओढला.

मग मी घरोघरी गेले. आयुष्यात मी कोणाच्या दारात माल घेऊन गेले नव्हते, गिऱ्हाईक माझ्याकडे यायचे. आता मी छत्री मिटून पडव्यांवर बसत होते. कोणी तोंडावर नाही म्हटले नाही. चहा दिला, काकडी दिली, पाट दिला.

एका घरात मुलाची आई म्हणाली, "तसा काय नाय ओ बाई. पण तो घरात सगळ्याक 'करून बघूया' म्हणता. माजरीक पाण्यात टाकल्यान, बुडता की तरंगता बघूक."

"मगे? काय झाला?"

"माजर माझ्या अंगार चढला, अजून काय होतला."

आम्ही दोघी हसलो. मला वाटले, आता बोलेल. मी विचारले, "उद्यापासून पाठवतास मां?" तिचे हसू मावळले. ती पदराशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "बाई, खरा सांगतंय, रागवा नको. तुमी कौल आपल्या बाजून फिरवन घेतलास. देवाक ता आवडला नसात तर? त्या खोलयेत बसलेल्या पोराक उद्या काय झाला तर मी कोणाक विचारू?"

मी तिला म्हटले, मी फिरवला नाही, मी सरळ केला. वारा बंद केला म्हणजे दोन्ही पाकळ्या सारख्या झाल्या. ती मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. तिला माझे म्हणणे कळत नव्हते असे नाही. कळत होते म्हणूनच ती घाबरली होती. ज्या बाईला पाकळी कशी पडते ते ठाऊक आहे, तिच्या हातून पडलेली पाकळी देवाची कशी धरायची?

मी खोली सोडते म्हटले. माझ्या घराच्या पडवीत वर्ग घेते म्हटले. देवाला नारळ देते, गाऱ्हाणे घालून चूकभूल मागते म्हटले. एकेका घरात मी माझा भाव उतरवत गेले. उतरता भाव बघून गिऱ्हाईक मालावरच शंका घेते, हे मला कोणी शिकवायला नको होते. तरी उतरवत गेले. दुसरे काही सुचत नव्हते. रात्री झोप येत नव्हती आणि सकाळी उठावेसे वाटत नव्हते.

शेवटी आबांकडे गेले. ते पडवीत आरामखुर्चीत होते. नात शाळेत. सूनबाईने पाणी आणून ठेवले आणि ती आत गेली.

मी सगळे एका दमात सांगितले. "आबानू, परत कौल लावा. पंखो चालू ठेवन लावा. जसो पयलो लावत होतास तसो. डावी पडतली ता माका ठावक आसा. पडांदे. खोली घेवा. पण लोकांच्या मनातला भय जावंदे आणि पोरां माझ्याकडे परत येवंदेत. मी उघड्यार बसवन शिकवीन."

माझ्या मते हा मी आयुष्यात देऊ केलेला सगळ्यात मोठा सौदा होता. मी खोली देत होते. जिंकलेले परत करत होते.

आबांनी पाण्याचे भांडे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "डावी पडतली ता तुका ठावक आसा."

"होय."

"मगे देवाक विचारूक कशाक होया?"

मी भांडे उचलले आणि तसेच खाली ठेवले.

"तू हुशार आसस गो. माझी नात पण हुशार आसा. तिना माका पाटावर वाटी उपडी घालून दाखवल्यान. तिच्यार पाकळ्यो लावल्यान, हातातल्या पेपरान वारो घातल्यान. बघा आजोबा. मी बघलंय." ते थांबले. "पंखो देवळात लागलो, त्या वर्षी माझी बायल आजारी पडली. डॉक्टर म्हणालो, कोल्हापुराक न्हेवन ऑपरेशन करूया. जगतली नायतर नाय, पण करूया. मी कौल घेतलंय. न्हेवक काय?"

मला आठवले. त्या दिवशी मी देवळात नव्हते, पण गावात सगळ्यांना माहीत होते. कौल डावा पडला म्हणून त्यांना नेले नाही. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते.

"तेव्हा पंखो चालू होतो," आबा म्हणाले. "मी गाऱ्हाणा घालताना माझ्या कानार वारो लागत होतो. माका बरा वाटत होता."

पावसाचे पाणी पन्हळीतून पडत होते. मला काहीतरी बोलायला हवे होते. ज्या तोंडाला नाका घाबरायचा ते तोंड उघडेना.

"आता तू सांगतंस, परत लावया, चालू ठेवन. डावी पडतली. मगे सगळ्या गावाक कळतला, पंखो चालू तर डावी, पंखो बंद तर उजवी. तू पोरां परत घेवन जातलंस. मी काय घेवन जाव?"

ते रागाने बोलले असते तर मी भांडले असते. भांडण मला येते. ते मला विचारत होते. खरोखर विचारत होते, जसे देवाला विचारतात तसे.

"देवाक एकच गोष्ट दोनदा विचारूची नसता," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "खोली तुझी. देवान दिल्यान ती."

मी उठून आले. वाटेत रडले की नाही ते आठवत नाही, पाऊस होता.

आणि तरीही माझा राग जात नाही. हे लोकांना क्रूर वाटेल. आबांवर नाही, आबांवर मी कुठल्या तोंडाने रागावू? राग याचा की मी खरे तेच मागितले होते. मुलांच्या हातात एक दगड दिला आणि त्यांनी बघितले ते खरे निघाले, यात मी काय चोरले? खरे निघाल्याची किंमत इतकी असते हे मला कोर्समध्ये कोणी सांगितले नाही. तिथे म्हणायचे, मुलांना शोधू द्या, आपण बाजूला व्हा. मी बाजूला झाले. आता मी सगळ्यांपासूनच बाजूला झाले आहे.

गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी आबांची सून खोलीवर आली. नात सोबत होती, शाळेच्या गणवेशात, केसांना रिबिनी. सूनबाई म्हणाली, चेडवाचो एप्रन हय रवलो, तो घेवक इलंय. मी एप्रन काढून घडी घालू लागले. मुद्दाम सावकाश घातली.

पोर उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने आत पाऊल टाकले नाही, तिला बजावलेले असावे. पण तिची मान आत आली होती. रॅकवर नवा ट्रे होता. रिकामी खोली सहन होईना म्हणून मी ट्रे मांडतच राहते. त्यात दोन आरसे होते आणि मध्ये एक शिंपला. तिने तो बघितला. तिच्या हाताची बोटे आपोआप पसरली.

"त्या शाळेत काय करतंस गो?" मी विचारले.

"लिवतंय," ती म्हणाली.

"अजून?"

तिने थोडा विचार केला. "अजून लिवतंय."

मी सूनबाईकडे वळले. आवाज खाली आणला, जमेल तितका. "गो, शाळा सुटल्यार हिका हय पाठव. अर्धो तास. खोलयेत नको तर भायर, झाडाखाली. कोणाक सांगू नको. माका पैशे देव नको. सासऱ्यांका मी तोंड दाखवचंय नाय. ह्या एकाच पोराक पाठव. बाकीची गेली तर गेली."

इतके मी कोणाला कधी मागितले नाही. देवालासुद्धा नाही.

सूनबाईने एप्रन घेतला. तिचे डोळे भरून आले होते, ते मी बघितले. वाईट बाई नाही ती. तिने मुलीचा हात धरला, खाली बघितले आणि म्हणाली, "बघतंय हां बाई."

नाक्यावर हजारो वेळा हे मी ऐकलेले आहे. माल हातात घेऊन, उलटसुलट करून, परत ठेवून गिऱ्हाईक म्हणते, बघतंय हां, वायच फुडे जावन येतंय. हे म्हणून गेलेले एकही गिऱ्हाईक कधी परत आले नाही.

त्या दोघी पायवाटेने गेल्या. पोर चालता चालता मागे वळून बघत होती, आई तिला ओढत होती. दिसेनाशा होईपर्यंत मी उभी राहिले. मग आत आले, रॅकवरचा ट्रे उतरवला, दोन आरसे समोरासमोर उभे करून मध्ये शिंपला ठेवला आणि चटईवर बसून एकटीच मोजू लागले की किती शिंपले दिसतात.